खाण्याचे विकार : ओळखायचे कसे, घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा

रानजाई

'जेवतच नाही', 'पित्त झालंय', 'पोट फुगतं', 'पाळी चुकली'. खाण्याच्या विकाराची सुरुवात आपल्याकडे बहुतेक वेळा अशाच तक्रारींनी होते. मग पोटाचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूक वाढवणारं सिरप असा फेरा सुरू होतो आणि त्यात कित्येक महिने जातात. या विषयावर मराठीत सलग आणि नेमकी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

आधी एक विनंती. प्रतिसादात कुणाच्याही वजनाचे, कॅलरीचे किंवा उपाशी राहिलेल्या दिवसांचे आकडे लिहू नका. या आजारात असलेल्या वाचकाला त्या आकड्यांशी स्पर्धा करावीशी वाटते आणि नुकसान होतं. उपचाराचे आणि धोक्याच्या खुणांचे आकडे चालतील.

ॲनोरेक्सिया नर्व्होसात माणूस गरजेपेक्षा फार कमी खातो. वजन वाढण्याची भीती असते, किंवा वजन वाढू नये म्हणून सतत धडपड चालते, आणि आपली प्रकृती किती गंभीर आहे हे त्याला पटत नाही. लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या दोन डॉक्टरांनी १८७३ च्या सुमारास याचं वर्णन केलं, म्हणजे हा इन्स्टाग्रामनं आणलेला आजार नाही. बुलिमिया नर्व्होसाचं वर्णन ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. यात थोड्या वेळात ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि नंतर त्याची 'भरपाई' केली जाते : उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास, अती व्यायाम. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटून खाणं असतं, भरपाई नसते. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. या दोन्हींत सरासरी आठवड्यातून एकदा, असं तीन महिने चाललं तर निदान होतं. आर्फिड, पायका आणि रुमिनेशन हे आणखी तीन विकार आहेत, त्यांचं पुढे कुणीतरी सविस्तर लिहावं.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे, की नुसतं बारीकपण बघून हे आजार ओळखता येत नाहीत. बुलिमियातले बहुतेक जण दिसायला 'नॉर्मल' असतात. मुळात अंगानं भरलेल्या मुलीचं वजन सहा महिन्यांत झरझर उतरलं, तर आकडा 'नॉर्मल' असूनही नाडी मंदावणं, चक्कर येणं, पाळी थांबणं हे सगळं तसंच घडतं. त्याला ॲटिपिकल ॲनोरेक्सिया म्हणतात. तिला नातेवाईक 'किती छान दिसतेस' म्हणत असतात, आणि ते कौतुक आजाराला खतपाणी घालतं.

घरात बघण्यासारखं : घास बारीक करकरून ताटात फिरवत राहणं, 'मी आधीच जेवले' हे रोजचं उत्तर, दुसऱ्यांसाठी हौसेनं रांधायचं पण स्वतः तोंडात घालायचं नाही, उन्हाळ्यातही स्वेटर, हातावर-पाठीवर बारीक लव, केस गळणं, जेवल्याबरोबर नळ सोडून बाथरूममध्ये बराच वेळ, कानाखाली गालफडं सुजल्यासारखी, बोटांच्या सांध्यांवर चट्टे, खाऊचे डबे रातोरात रिकामे होणं, आणि चारचौघांत जेवायचं टाळण्यासाठी लग्न-मुंजीला न जाणं. यातली एखादीच खूण असेल तर तेवढ्यावरून काही ठरत नाही. तीन-चार एकत्र आल्या की थांबू नका.

पाणवठा

रानजाई, चांगला धागा. फॅमिली डॉक्टरला पाच मिनिटांत विचारता येतील असे काही प्रश्न आहेत का? ओपीडीत लांबलचक फॉर्म भरून घेणं होत नाही.

अनवट

पाणवठा, आहेत. स्कॉफ नावाची पाच प्रश्नांची चाळणी १९९९ पासून वापरात आहे. मराठीत साधारण असं विचारता येतं : पोट गच्च भरल्यासारखं वाटलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोच्या वर वजन उतरलंय का? बाकीचे बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतःला जाड वाटतं का? दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार चालतात का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर पुढची तपासणी करायची. हे निदान नाही, फक्त चाळणी आहे. आणि पेशंट लहान असेल तर हे प्रश्न आईबाबांना बाहेर बसवून विचारा.

आपल्याकडचा एक नेहमीचा चकवा : भारतातल्या अनेक पेशंट 'मला जाड व्हायचं नाही' असं म्हणतच नाहीत. त्या म्हणतात, 'भूकच लागत नाही', 'दोन घासांत पोट भरतं', 'खाल्लं की गच्च होतं'. ही तक्रार खोटी नसते. उपासमारीत जठर रिकामं व्हायला खरोखर जास्त वेळ लागतो. पण ते उपासमारीमुळे झालेलं असतं, म्हणून नियमित खाणं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सुधारतं. नुसत्या पित्ताच्या आणि गॅसच्या गोळ्यांनी वेळ वाया जातो.

दवाखान्यात करायच्या गोष्टी. पाच मिनिटं आडवं झोपवून नाडी आणि बीपी, मग उभं करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा दोन्ही. तापमान. ईसीजी. रक्तात हिमोग्राम, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतं, ते वेगळं लिहावं लागतं.

रिपोर्ट वाचताना चुका होतात त्या अशा. कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसतं, ते उपासमारीत वाढू शकतं. त्यावरून 'तेलतूप बंद करा' असा सल्ला दिला जातो, आणि हा सगळ्यात घातक सल्ला. टी-३ हे थायरॉइडचं हार्मोन कमी आणि टीएसएच नॉर्मल असेल तर ती शरीराची बचत आहे. तिथे थायरॉइडची गोळी सुरू केली तर वजन आणखी घसरतं. याउलट ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात कुठे सूज-दाह आहे का ते सांगणाऱ्या चाचण्या) वाढलेलं असेल तर ते ॲनोरेक्सियात बसत नाही. क्षयरोग, आतड्याची सूज, सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेननं आतडं बिघडतं तो आजार) यांचा शोध घ्या.

तातडीनं भरती करायच्या खुणा : जागेपणी नाडी किशोरवयात ५० च्या खाली, मोठ्यांत ४० च्या खाली. बीपी किशोरवयात ९०/४५ च्या खाली, मोठ्यांत ९०/६० च्या खाली. तापमान ३५.६ अंश सेल्सियसच्या खाली. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० पेक्षा जास्त उतरणं, किंवा नाडी मोठ्यांत ३० आणि किशोरांत ४० पेक्षा जास्त वाढून तशीच राहणं. पोटॅशियम किंवा फॉस्फेट घसरलेलं, ईसीजीत दोष, बेशुद्धी, खाणंपिणं पूर्ण बंद, किंवा जीव देण्याचे विचार. मंद नाडी बघून 'खेळाडू आहे ना, म्हणून' असं म्हणू नका. धावणाऱ्या मुलीचं वजन उतरतंय आणि पाळी थांबलीय, तर ती मंद नाडी तंदुरुस्तीची नव्हे.

पाणवठा

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर?

अनवट

तर आजार नाही असं ठरत नाही. शरीर रक्तातली पातळी शेवटपर्यंत सांभाळत राहतं. म्हणून 'रिपोर्ट क्लिअर आहेत, काही झालेलं नाही' हे वाक्य पेशंटसमोर बोलू नका. ती ते पुढचे सहा महिने ढालीसारखं वापरते.

आणखी एक. अशक्तपणा दिसला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावायची पद्धत आहे. पाच दिवसांहून अधिक काळ पोटात जवळपास काहीच गेलेलं नसेल, किंवा थोड्या महिन्यांत खूप वजन उतरलं असेल, तर ही सलाईन धोक्याची. साखर आत गेली की इन्सुलिन वाढतं, आणि ते फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढून घेतं. साठा आधीच संपलेला, त्यामुळे रक्तातली पातळी कोसळते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू दमतात, पाय सुजतात, भ्रम होतो. हा रीफीडिंग सिंड्रोम. सर्वात जोखमीचे पहिले तीन ते सात दिवस. अशा पेशंटला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी द्यायचं, आहार टप्प्यानं वाढवायचा, आणि पहिला आठवडाभर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासायचं. घाबरून फार कमी अन्नावर ठेवणं हीसुद्धा चूकच. त्यात वजन आणखी उतरतं.

तिखटमीठ

आहाराच्या बाजूनं लिहिते. किशोरवयीन मुलामुलींच्या ॲनोरेक्सियात, प्रकृती स्थिर असेल तर, सगळ्यात जास्त पुरावा असलेला उपचार म्हणजे कुटुंबाच्या हाती जेवण देणारी पद्धत. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात ती घडली. साधारण वीस भेटी, सहा ते बारा महिने, तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात काय, किती, केव्हा खायचं हे सगळं आईवडील ठरवतात. दुसऱ्यात हळूहळू मुलीच्या हाती सोपवतात. तिसऱ्यात अभ्यास, मैत्री, वयाप्रमाणे स्वातंत्र्य. पहिला टप्पा पक्का होण्याआधी 'आता तूच ठरव' म्हणणं हे घसरण्याचं नेहमीचं कारण.

रोजचं वेळापत्रक : तीन जेवणं, दोन ते तीन मधली खाणी, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. ताट मोठ्यांनी वाढायचं. स्वयंपाक चालू असताना तिला ओट्यापाशी उभं राहू द्यायचं नाही, कारण 'तेल कमी घाल' हा वाद तिथेच सुरू होतो. जेवणाला साधारण अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. नंतर तासभर कुणीतरी सोबत बसायचं : पत्ते, मालिका, विणकाम, काहीही. वजनकाटा घरातून बाहेर. हातातला पावलं मोजणारा पट्टा आणि मोबाइलमधलं कॅलरी मोजायचं ॲप बंद. वजन आठवड्यातून एकदा, उपचार करणाऱ्यांकडेच.

आता ताटाचं. पोट लवकर भरतं, म्हणून कमी आकारात जास्त ऊर्जा बसवायची. ताक, सूप, काकडी-टोमॅटो, कुरमुरे यांनी पोट भरतं, हाती काही लागत नाही. त्याऐवजी : वरणभातावर सढळ तूप, भाजीत आणि कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट आणि ओलं खोबरं, साईचं दही, थालीपीठावर लोण्याचा गोळा, पोळी कोरडी न देता तूप लावून, मधल्या वेळी शेंगदाण्याचा लाडू आणि दूध, शिरा, साबुदाण्याची खिचडी, अंड्याची पोळी, पनीर, केळ्याची शिकरण. मांसाहारी घर असेल तर नारळाच्या रसातलं कालवण उत्तम. भरती नसलेल्या, घरून उपचार घेणाऱ्या पेशंटमध्ये आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ ठीक मानतात. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही तर ताट वाढवा. अन्न मिळू लागलं की शरीराची भट्टी पेटते आणि तेवढ्याच जेवणावर वजन थांबतं. 'व्यवस्थित जेवतेय तरी वाढत नाही' म्हणून निराश होऊ नका, तिथे कमी पडतंय ते ताटातलं अन्न.

कुठवर वाढवायचं? सरासरी तक्त्यावरचा आकडा धरू नका. शाळेतली, लसीकरणाच्या कार्डावरची जुनी उंची-वजनं शोधा आणि २०१५ च्या आयएपी (भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) वाढतक्त्यावर मांडा. आजारापूर्वी मूल ज्या रेषेवर वाढत होतं तीच त्याची रेषा, आणि वय वाढेल तसा आकडाही वर सरकतो. वर्षापूर्वीचं वजन गाठलं म्हणून उपचार थांबवले तर दोन महिन्यांत परत घसरगुंडी.

गारवा

पण इतकी सक्ती केली तर मूल आणखी हट्टाला पेटणार नाही का? आधी मनातलं कारण शोधावं, समुपदेशन करावं, मग खाणं आपोआप सुधारेल असं मला वाटत होतं.

सोनटक्का

गारवा, हा प्रश्न सगळेच विचारतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनं काही महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांच्यातल्या कुणालाही खाण्याचा आजार नव्हता. तरी ते अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक घास तासन्‌तास पुरवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला. म्हणजे आपण ज्याला 'मनातलं कारण' म्हणतो त्यातलं बरंचसं भुकेनंच घडवलेलं असतं. उपाशी मेंदूला समुपदेशन पचत नाही, विचारांचा ताठरपणा वजन सावरल्यावरच सैल होतो. म्हणून अन्न आधी. कारणांवर बोलायला नंतर वेळ मिळतो. कारण सापडलंच नाही तरी मूल बरं होतं.

सक्ती म्हणजे आरडाओरडा किंवा घास कोंबणं नव्हे. ताप आलेल्या मुलाला औषध घ्यायचं का असं आपण विचारत नाही, तितक्याच शांतपणे ताट समोर ठेवायचं. वाक्यं छोटी : 'हा घास घे.' 'मी इथेच आहे.' 'अवघड आहे, माहितेय. पुढचा घास.' वाद घालायचा नाही, कॅलरी सांगायच्या नाहीत, 'बाकीच्यांना खायला मिळत नाही' हे नको, 'आता तब्येत सुधारलेली दिसतेय' हेही नको. ते तिला 'जाड झालीस' असं ऐकू येतं. ताट भिरकावलं तर दुसरं वाढायचं, त्याच आवाजात. आई वाढते आणि बाबा म्हणतात 'जाऊ दे आजच्या दिवस', किंवा आजी गुपचूप ताट उचलते, तिथे आजार फट शोधतो. पहिल्या आठवड्यातच घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून ठरवून घ्या. आणि दोष कुणालाच देऊ नका. आईच्या वागण्यानं हा आजार होतो ही जुनी समजूत टिकलेली नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

बुलिमिया आणि बिंज ईटिंगची वाट वेगळी. मोठ्यांसाठी क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बांधलेली सीबीटी-ई ही विचार आणि वागणं बदलण्याची बोलण्यातून उपचाराची पद्धत मुख्य : वजन फार कमी नसेल तर वीस आठवड्यांत वीस भेटी, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. वजन कमी असेल तर चाळीसच्या आसपास. पहिल्या दिवसापासून एक नोंदवही. रकाने असे : वेळ, काय खाल्लं-प्यायलं, कुठे, ते जास्त झालं असं वाटलं का, उलटी किंवा गोळी, आणि त्या वेळी काय घडत होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. नोंद खाताक्षणी करायची, कारण रात्री आठवून लिहिलेल्या वहीत नेमका तो अर्धा तास गायब असतो. मंगळवारी सकाळी चहा, दुपारी फक्त काकडी, संध्याकाळी सात वाजता फरसाण-बिस्किटं-भात, असं पान समोर आलं की पेशंटला स्वतःलाच दिसतं : सातचा तो अर्धा तास दुपारच्या काकडीत सुरू झाला होता.

म्हणून दुसरी पायरी ठरावीक वेळी खाणं. तीन जेवणं, दोन मधली खाणी, भूक असो नसो. आदल्या रात्री जास्त झालं म्हणून सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हाच नियम सगळ्यात जड जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. मग 'वर्ज्य' पदार्थांची यादी काढून, कमी भीतीच्या पदार्थापासून एकेक परत ताटात आणायचा. आरशात वारंवार पोट बघणं आणि कपडे घालून-काढून तपासणं कमी करणं हाही उपचाराचाच भाग.

औषधांचं : बुलिमियात फ्लुओक्सेटिन दिवसाला ६० मिग्रॅ, म्हणजे नैराश्यात सहसा सुरू करतात त्याच्या तिप्पट. ते हळूहळू वाढवत मानसोपचारतज्ज्ञच देतात. २० मिग्रॅवर दोन आठवडे थांबून 'उपयोग नाही' असं ठरवू नये. ॲनोरेक्सियात वजन वाढवणारी अशी खात्रीची गोळी नाही. बुप्रोपिऑन हे औषध बुलिमिया आणि ॲनोरेक्सियात देत नाहीत, झटके येण्याचा धोका वाढतो. बिंज ईटिंगमध्ये डाएट सुरू करून देणं हा उलटा उपाय आहे, बांधून ठेवलेलं खाणं पुन्हा उसळतं. वजन उतरवायची इंजेक्शनं हल्ली सर्रास लिहिली जातात. ती देण्याआधी ताबा सुटून खाणं, उलट्या, उपास यांबद्दल विचारलंच पाहिजे.

कोकणकडा

जुलाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक महत्त्वाची भर. त्या घेऊन शरीरातलं पाणी जातं, खाल्लेलं अन्न तोवर लहान आतड्यात बरंचसं शोषलं गेलेलं असतं. गोळ्या बंद केल्यावर काही दिवस पाय-चेहरा सुजतो, वजन एकदम वाढलेलं दिसतं. हे पाणी आहे आणि आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं, हे आधीच सांगून ठेवलं नाही तर पेशंट घाबरून परत गोळ्यांकडे वळतो. सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या देऊ नयेत, पोटॅशियम आणखी घसरतं.

दातांचं : वारंवार उलट्या होत असतील तर वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजते, थंड पाण्यानं सळक येते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आम्लानं मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं. आधी साध्या पाण्यानं किंवा ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश निदान अर्ध्या तासानं. फ्लोराइडची पेस्ट वापरा. अनेकदा हा आजार सर्वात आधी दंतवैद्याच्या लक्षात येतो. त्यांनी एकांतात, नावं न ठेवता विचारावं.

गारवा

धन्यवाद सोनटक्का, पटलं. उपासांचं काय? श्रावण, नवरात्र, संकष्टी, एकादशी... घरात सगळेच धरतात, मुलीला 'तू नको' म्हटलं की मोठी माणसं नाराज होतात.

तिखटमीठ

उपास धरणं हा आजार नाही. बघायचं ते असं : उपास वाढत चाललेत का, एकादशीला गुरुवार आणि मग सोमवार जोडला जातोय का, सोडायच्या वेळी टाळाटाळ होते का, आणि घरातले साबुदाणा-वऱ्याचे तांदूळ खात असताना ही फक्त पाण्यावर आहे का. श्रद्धेनं उपास करणारी पारण्याची वाट बघते. आजारानं उपास करणारीला पारणं नको असतं.

आजार चालू असताना आणि बरं झाल्यावरही निदान वर्षभर उपास नको. बुलिमियात तर दिवसभराचा उपास म्हणजे रात्रीच्या बिंजला आमंत्रण. घरातल्या ज्येष्ठांना हे डॉक्टरांच्या तोंडून सांगितलेलं बरं. आजारी माणसाला, गरोदर बाईला उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे आहेच. उपासाऐवजी वाचन, जप, मंदिरात सेवा, काहीही करता येतं.

रानजाई

पायकाबद्दल मीच लिहिते, कारण तो आपल्याकडे भरपूर दिसतो आणि हसण्यावारी नेला जातो. पाटीवरची पेन्सिल, खडू, चुना, भिंतीचे पोपडे, माती, राख, कच्चे तांदूळ, बर्फ. शाळकरी मुलींत आणि गरोदरपणात जास्त. दोन वर्षांखालचं मूल सगळंच तोंडात घालतं, ते धरायचं नाही. त्यापुढे महिनाभर चाललं तर तपासणी हवी.

पहिलं काम : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. लोहाची कमतरता निघाली तर तिचा पूर्ण उपचार. मुलांना मूळ लोह साधारण किलोमागे रोज ३ मिग्रॅ, डॉक्टर ठरवतील तसं, चहा-दूध-कॅल्शियमपासून दूर, लिंबूपाण्याबरोबर चालतं. शौच काळं होतं, त्याला घाबरून औषध बंद करू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवायचं, साठा भरायला तेवढा वेळ लागतो. खावंसं वाटणं बऱ्याच वेळा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच थांबतं. माती खाणाऱ्याला जंताचं औषध. जुन्या रंगाचे पोपडे खात असेल तर रक्तातलं शिसं तपासा. केस खाणाऱ्या मुलीचं पोट दुखत असेल, फुगत असेल तर पोटात केसांचा गोळा असू शकतो, सोनोग्राफी करा. लोह वगैरे सगळं ठीक असूनही सुरू राहिलं, किंवा मुलात स्वमग्नता वा बौद्धिक वाढीचा प्रश्न असेल, तर वर्तन-उपचार लागतो. ओरडून, हातावर मारून फक्त लपून खाणं वाढतं.

अनवट

आर्फिड आणि रुमिनेशन राहिलं. आर्फिडमध्ये जाड होण्याची भीती नसते. तीन तऱ्हा दिसतात, कधी एकत्रही : भूक आणि खाण्यात रसच नाही, चव, वास, पोत सहन होत नाही, किंवा एकदा घास अडकल्यानंतर, उलटी झाल्यानंतर खायचीच भीती. 'नखरे' आणि आर्फिड यांतला फरक परिणामांवरून करायचा : वाढ खुंटली, लोह-जीवनसत्त्वं कमी पडली, पूरक आहारावरच भिस्त आहे, किंवा डबा-सहल-वाढदिवस सगळं बंद झालंय.

उपचार छोट्या पायऱ्यांचा. मूल खातं त्याच्या शेजारचा पदार्थ निवडायचा. कोरडी पोळी आणि साखर चालत असेल तर पुढे तूपसाखर पोळी, मग गुळाची, मग त्याच पोळीवर शेंगदाण्याच्या कुटाचा पातळ थर. एका वेळी एकच बदल. नव्या पदार्थाचा फक्त भाताच्या शिताएवढा तुकडा : बघायचा, वास घ्यायचा, बोटानं चेपायचा, जिभेला लावायचा, मग चावायचा. रोज, तोच पदार्थ, भरल्या ताटाच्या वेळेबाहेर. आवडत्या पदार्थात नावडता लपवू नका. एकदा कळलं की आवडताही सुटतो. घास अडकण्याची भीती असलेल्यांना आधी गिळण्याची तपासणी, मग मऊ भातापासून पुढे.

रुमिनेशनमध्ये जेवल्यावर काही मिनिटांत अन्न सहज वर येतं, मळमळ नाही, उबळ नाही. ते परत चघळलं जातं किंवा थुंकलं जातं. वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू असते आणि फरक नसतो. उपाय म्हणजे जेवल्यावर पोटानं श्वास घ्यायचा सराव : एक हात छातीवर, एक पोटावर, फक्त पोटावरचा हात वर यायला हवा. जेवण संपल्याबरोबर दहा-पंधरा मिनिटं, आणि अन्न वर येतंय असं वाटलं की पुन्हा.

पाणवठा

मुलग्यांबद्दल कुणी बोललं नाही. तालमीतली आणि जिममधली मुलं?

कोकणकडा

खरंय, मुलग्यांत हे फार उशिरा ओळखलं जातं, कारण कुणी विचारतच नाही. कुस्ती, बॉक्सिंग यांत वजनगट असतात. स्पर्धेआधी पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवायचं आणि नंतर भरपूर खायचं, हे चक्र काहींत हंगाम संपल्यावरही थांबत नाही. वस्तादांनी लक्ष ठेवावं : हाड मोडण्याच्या बारीक तक्रारी परत परत, सराव करूनही ताकद घटणं, चिडचिड, एकट्यानं जेवणं. पोरगा वाढत असेल तर त्याला वरच्या गटात जाऊ द्या. जिममध्ये उलट तऱ्हा असते : अंग पिळदार असूनही किरकोळ वाटतं, उकडलेल्या अंड्यांच्या पांढऱ्या भागापलीकडे काही चालत नाही, व्यायाम चुकला की दिवस खराब.

आणि लहानपणापासूनच्या मधुमेहात, ज्यांना इन्सुलिन लागतंच, त्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) अचानक चढलं, वजन उतरलं, कीटोॲसिडोसिसनं (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लयुक्त होणं) वारंवार भरती झाली, तर डोस मुद्दाम वगळले जातायत का हे हळुवारपणे विचारा. इथे काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. इन्सुलिनची जबाबदारी तात्पुरती घरच्यांनी हातात घ्यायची आणि मधुमेहतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ दोघांनी मिळून बघायचं.

गारवा

पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या देतात त्या घ्याव्यात का? आणि पेशंट दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर?

अनवट

गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होतो, पण ती खरी पाळी नव्हे. हाडांचं रक्षण त्यानं होत नाही, आणि 'पाळी आली, म्हणजे वजन ठीक आहे' असा खोटा दिलासा मिळतो. वजन सावरलं की काही महिन्यांत पाळी आपली येते. सहा महिन्यांहून जास्त बंद असेल तर डेक्सा तपासणी करून हाडांची घनता बघा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढा. आणि पाळी सुरू आहे म्हणून ॲनोरेक्सिया नाही असंही धरू नका. डीएसएम-५ मध्ये ती अट काढून टाकली आहे.

यायला तयार नसेल तर 'मानसोपचार' या शब्दापासून सुरुवात करायची गरज नाही. चक्कर, थंडी वाजणं, केस गळणं, झोप न लागणं, ज्याचा तिला स्वतःला त्रास होतोय त्यासाठी फॅमिली डॉक्टरकडे न्या, आणि आधी डॉक्टरांना फोनवर सगळं सांगून ठेवा. वर लिहिलेल्या तातडीच्या खुणा असतील तर मन वळवत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. अल्पवयीन मुलाला पालक भरती करू शकतात. प्रौढ व्यक्ती जिवाच्या धोक्यात असून निर्णय घेऊ शकत नसेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली, तिनं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर फक्त 'अशक्तपणा' न लिहिता नेमकं निदान लिहून घ्या, दावा करताना उपयोगी पडतं.

जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. फोन तुम्ही लावून तिच्या हाती द्या. भेटीला जाताना बरोबर न्यायचं : जुन्या उंची-वजनाच्या नोंदी, शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, सिरप आणि 'स्लिमिंग'च्या पावडरी डब्यासकट, आणि गेल्या तीन दिवसांत घरच्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं खाणं लिहून.

गारवा

उद्याच फोन करते. जुनी शाळेची कार्डं माळ्यावर आहेत, ती काढते.

तिखटमीठ

गारवा, काढा. आणि आज रात्रीपासून एक गोष्ट सुरू करता येईल : ताट तुम्ही वाढा, शेजारी बसा, टीव्ही चालू असला तरी चालेल. पहिल्या रात्री सगळं संपलं नाही तरी उद्याचा नाश्ता ठरलेल्या वेळी समोर ठेवा. तपासणी होईपर्यंत एकदम दुप्पट वाढू नका, अनवट यांनी लिहिलेल्या रीफीडिंगच्या धोक्यासाठी. फॉस्फेटचा रिपोर्ट आला की इथे लिहा, पुढचं ताट मिळून ठरवू.